हलकी सायकल

आपली मराठी भाषा जड वस्तूंची पक्षपाती आहे, हें माझ्या ध्यानांत येण्यास एक सायकल कारण झाली. ज्याच्या शब्दाला चार माणसांत मान असतो त्याला आपण वजनदार म्हणतों. ज्याच्या वागण्यांत पोच नसतो तो हलका. जमीन हलकी म्हटली कीं शेतकऱ्याचा चेहरा उतरतो, कापड हलकें म्हटलें कीं दुकानदाराचा. कान हलके असणें हा तर दुर्गुणच. मन हलकें होणें एवढा एक अपवाद सोडला, तर हलकेपणाबद्दल चांगला शब्द सांपडणें कठीण. अशा भाषेंत पन्नासांहून अधिक वर्षें वाढलेल्या माणसाच्या दारीं आठ किलो वजनाची सायकल येऊन उभी राहिली, म्हणजे त्याची जी त्रेधा उडेल तीच माझी उडाली.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या चिरंजीवांनीं पुण्याहून एक भलें मोठें खोकें धाडलें. त्याआधीं महिना-दीड महिना डॉक्टरांनीं माझ्या छातीला नळी लावून, ‘सर, आतां खुर्ची कमी करा आणि पाय हलवा,’ असें मला सुनावलें होतें. मुलानें ती गोष्ट मनावर घेतली, असें मी समजलों. खोक्यांतून काळी कुळकुळीत, अंगावर कोठेंहि सांधा न दिसणारी सायकल निघाली. पॅडलच्या कडा थोड्या झिजलेल्या होत्या. वाटेंत घासल्या असतील म्हणून मीं तिकडे दुर्लक्ष केलें. ती उचलायला मीं सवयीप्रमाणें जोर लावला, आणि ती एकदम छातीपर्यंत वर आली. सौभाग्यवतीनें ती एका हातानें उचलून पाहिली आणि माझ्याकडे नखशिखान्त दृष्टि टाकून विचारलें, ‘अहो, तुम्ही हिला पेलाल का?’ रोज दूध घालणारे मामा पुढें झाले, त्यांनीं बोटाच्या पेरानें नळीवर ठोकलें आणि निकाल दिला, ‘सर, ही तर वाळल्या भोपळ्यावानी वाजायली.’ त्या ठोकण्याचें मोल मला चार महिन्यांनीं कळायचें होतें.

मुलाला फोन करून मीं विचारलें, ‘अरे, ही कसली धातु?’

‘धातु नाहीं, बाबा. कार्बन फायबर. एका अर्थीं कापडच म्हणा.’

अंबाजोगाईच्या माणसाला कापडाचें नवल सांगूं नये. दासोपंतांनीं येथें पासोडीवर ग्रंथ लिहिला, आणि ती पासोडी आम्ही पिढ्यान् पिढ्या अभिमानानें मिरवीत आलों आहोंत. कापडावर अध्यात्म लिहितां येतें हें मला ठाऊक होतें. पण कापडावर बसून परळीच्या रस्त्याला लागतां येतें, हें कांहीं केल्या माझ्या बुद्धीला झेपेना.

कारण सायकल म्हटली कीं माझ्या डोळ्यांसमोर वडिलांची सायकल उभी राहते. ते केज तालुक्यांतल्या एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. पोलादी नळ्या, मागें लोखंडी कॅरिअर, आणि एकंदर वजन वीस किलोंच्या पुढें. १९७२ च्या दुष्काळांत त्यांनीं याच सायकलीवरून रेशनच्या तांबड्या मिलोचें पोतें घरीं आणलें, ही हकीकत मीं आईकडून ऐकलेली. मी तेव्हां पाळण्यांतून नुकताच उतरलों होतों. पुढें शाळेला जातांना माझी जागा पुढच्या नळीवर असे, आणि नळी टोचूं नये म्हणून वडील तिला आपला पंचा गुंडाळीत. एकदां उतारावर ती सायकल बैलगाडीच्या चाकावर जाऊन आदळली आणि तिचा चिमटा वांकला. गांवच्या लोहारानें तो भट्टींत तापवून, ऐरणीवर ठोकून सरळ केला. तरी तेव्हांपासून ती किंचित डावीकडे ओढ घेई, आणि वडील किंचित उजवीकडे झुकून तिला रस्त्यावर ठेवीत. पुढें पुढें ते पायीं चालतांनासुद्धां उजवीकडे झुकत आहेत असा मला भास होई.

पोलादाची रीतच अशी आहे. तें मार खातें, वांकतें, आणि मार खाल्ल्याची खूण चारचौघांना दिसेल अशी अंगावर वागवतें. त्याचें दुखणें सहसा बोलकें असतें.

या नव्या पदार्थाची जातकुळी मला आमच्या महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या एका स्नेह्यांनीं समजावून दिली. मी वाङ्मय शिकविणारा. त्यामुळें त्यांनीं प्रथम मला माझ्याच अंगावरचा स्वेटर दाखविला. स्वस्त स्वेटर ज्या ॲक्रिलिक धाग्याचे विणतात, त्याच कुळांतला पॉलिॲक्रिलोनायट्रिल नांवाचा धागा घ्यावयाचा. तो ताणून धरून हवेंत दोनशें ते तीनशें अंशांपर्यंत भाजावयाचा, म्हणजे तो पुढें वितळत नाहीं. मग प्राणवायूचा स्पर्श होऊं न देतां हजार अंशांच्या वर तापवावयाचा. धाग्यांतलें बाकी सारें उडून जातें, सुमारें निम्मेंच वजन उरतें. आणि जें उरतें तो जवळ जवळ निव्वळ कार्बन. त्याचा एक तंतु माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा बारीक असतो. वजनानें पोलादाच्या पाव हिश्शाहूनहि तो हलका. पण लांबीच्या दिशेनें ओढला तर पोलादाला हार जाणार नाहीं.

‘पण एकटा तंतु काय कामाचा?’ स्नेही म्हणाले. ‘तो दोरासारखा लोळणार. त्याला उभें करतें तें राळेसारखें चिकट द्रव्य. माळवदाच्या घराची भिंत आठवा.’ मला लगेच आठवली. पांढऱ्या मातींत भूस घालून तो चिखल पायांनीं तुडवीत. नुसती माती वाळली कीं भेगाळते, नुसतें भूस वाऱ्यावर उडतें. दोहोंची मिळून झालेली भिंत तीन पिढ्यांचे पावसाळे पाहते. येथें भुसाच्या जागीं कार्बनचे तंतु आणि मातीच्या जागीं एपॉक्सी नांवाची राळ, एवढाच फरक.

पण खरी गोम पुढेंच आहे. भूस चिखलांत जसें पडेल तसें पडतें. हे तंतु मात्र हेतुपूर्वक निजवावे लागतात. राळेंत भिजलेल्या त्या कापडाचे तुकडे मापानें कापतात, आणि माझी आजी जशी जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक अंथरून गोधडी घाली, तसे कुशल कारागीर ते साच्यांत हातानें एकावर एक बसवतात. एका सांगाड्याला असे शेंकडों तुकडे लागतात. कांहीं थर नळीच्या लांबीनें, म्हणजे ती लवूं नये. कांहीं तिरपे, म्हणजे ती पिळली जाऊं नये. पॅडलच्या आंसापाशीं, जेथें पायांचा सारा जोर येतो, तेथें थर अधिक. वरची नळी मात्र कोठें कोठें कागदाच्या पुठ्ठ्याएवढी पातळ. मग आंत फुगा फुगवून, साचा तापवून राळ पक्की करतात. जेथून भार येणार हें ठाऊक आहे तेथें भरपूर बळ, आणि जेथून तो येणार नाहीं असें गणित सांगतें तेथें जवळ जवळ कांहींच नाहीं. हलकेपणाचें सारें रहस्य तें हें. पोलादाची नळी गरिबाच्या घरच्या कोठारासारखी असते. लागो न लागो, चार पायली धान्य बाजूला ठेवलेलें असतेंच. कार्बनच्या सांगाड्यांत अशी शिल्लक नाहीं.

या पदार्थाचा इतिहासहि मीं मग हौसेनें वाचून काढला. एडिसननें १८८० साली आपल्या दिव्यासाठीं बांबूची काडी जाळून कार्बनची तार केली; त्याच शतकाच्या शेवटच्या दशकांत युरोपांत बांबूच्या सायकलीहि झाल्या. मात्र कार्बन आणि सायकल यांची गांठ पडायला आणखी ऐशीं-नव्वद वर्षें जावीं लागलीं. बळकट कार्बन तंतूंचें शास्त्र जपानांत आणि इंग्लंडांत १९६० च्या आसपास आकाराला आलें, आणि प्रथम विमानांच्या कामीं लागलें. रोल्स-रॉइस कंपनीनें आपल्या आर. बी. २११ या इंजिनाच्या पंख्याचीं पातीं कार्बन तंतूंचीं केलीं. तीं हलकीं होतीं, फिरण्याच्या प्रचंड ताणालाहि पुरीं पडत होतीं. पण उडतां उडतां एखादा पक्षी इंजिनांत शिरला तर काय, हें पाहण्यासाठीं १९७० साली त्या पात्यांवर मेलेली कोंबडी वेगानें मारून पाहिली, आणि पातीं फुटलीं. शेवटीं टायटॅनियमचीं पातीं बसवावीं लागलीं. त्या इंजिनाच्या एकंदर खर्चाखालीं ती बलाढ्य कंपनी १९७१ च्या फेब्रुवारींत दिवाळखोरींत गेली. ओढ सोसणारी वस्तु आडवा घाव सोसेलच असें नाहीं, हा धडा तेव्हां मिळाला. मला तो मिळायला पंचावन्न वर्षें अधिक लागलीं.

सायकलीच्या जगांत मात्र कार्बनचा डंका वाजला. १९८६ साली ग्रेग लेमाँड यानें फ्रान्सची मोठी शर्यत जिंकली ती कार्बनच्या नळ्यांच्या सायकलीवर. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकांत ख्रिस बोर्डमन यानें एकाच अखंड कवचाच्या कार्बन सायकलीवर सुवर्णपदक मिळविलें. पुढें सायकली इतक्या हलक्या होऊं लागल्या कीं, शर्यतीची सायकल ६.८ किलोंहून हलकी असतां कामा नये, असा नियम जागतिक संघटनेला २००० सालापासून लागू करावा लागला. हलकेपणाला कायद्यानें खालची मर्यादा घालावी लागल्याचें दुसरें उदाहरण मला तरी ठाऊक नाहीं.

आपल्याकडचीं माणसेंहि या नादांत मागें नाहींत. नाशिकचे डॉक्टर बंधु हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनीं २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघानें पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनीं तीच शर्यत एकएकट्यानें, बारा दिवसांच्या आंत संपविली. आणि कार्बनचें नांवहि नव्हतें अशा काळीं, १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं, मुंबईहून सहा पारशी तरुण पोलादी सायकलींवरून जगाच्या सफरीला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे सारी पृथ्वी फिरून १८ मार्च १९२८ ला घरीं परतले. तेव्हां सायकल पायांनीं चालते, धातूनें नव्हे, हें खरेंच. तरीहि हलकेपणा म्हणजे नुसता शर्यतीचा शौक असें म्हणवत नाहीं. एके काळीं आमचा बीड जिल्हा ज्या राज्यांत होता त्या राज्याच्या राजधानींत, हैदराबादेंत, अब्दुल कलामांच्या सहकाऱ्यांनीं क्षेपणास्त्रांच्या कामीं मिळविलेलें हलक्या पदार्थांचें ज्ञान पोलिओच्या मुलांकडे वळविलें, आणि तीन किलोंच्या लोखंडी कॅलिपरच्या जागीं तीनशें ग्रॅमचा कॅलिपर केला. त्या मुलांना हलकेपणा शिकवावा लागला नसेल.

मीहि चार महिने हलका झालों होतों. पहाटे परळीच्या रस्त्याला लागावें, दूरवर औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसूं लागाव्या, आणि तेथें जळणारा कोळसा व मला वाहून नेणारी ही सायकल दोन्ही एकाच मूलतत्त्वाचीं, या विचारानें मौज वाटावी. महाविद्यालयांत, बँकेंत, लग्नांत, जेथें जाईन तेथें मी सांगत असें, ‘मुलानें पाठविली. त्याला आतां काय कमी आहे?’

जानेवारींत एका सकाळीं समोरून उसानें भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. मी घाईनें खालीं उतरलों, आणि सायकल माझ्या हातून निसटून कडेच्या किलोमीटरच्या दगडावर आडवी पडली. मला खरचटलेंहि नाहीं. सायकलीवर पाहिलें तर वरच्या नळीवर केसाएवढी रेघ. वडिलांची सायकल असती तर असल्या पडण्याची तिनें दखलहि घेतली नसती. मीं रुमालानें नळी पुसली, घरीं आलों, आणि घरांत किंवा मुलाला कांहींएक सांगितलें नाहीं. भेट दिलेली वस्तु आपण पाडली हें सांगायचें कसें?

दोन-तीन दिवसांनीं रसायनशास्त्राच्या स्नेह्यांना मात्र सांगितलें. ते गंभीर झाले. ‘पोलाद वांकून सांगतें,’ ते म्हणाले, ‘हा पदार्थ वांकत नाहीं. शेवटच्या क्षणापर्यंत तो जसाच्या तसा असतो, आणि मग एकाएकीं तुटतो. आंतले थर एकमेकांपासून सुटलेले असले तरी वरचा रंग तसाच चकाकत राहील. एक रुपयाचें नाणें घ्या आणि नळी वाजवून पाहा.’

आम्ही दोघे अंगणांत बसलों आणि नाण्यानें वीत वीत वाजवीत गेलों. टण्, टण्, टण्. आणि त्या रेघेपाशीं ठप्. दोन बोटें पुढें पुन्हां टण्. आठवड्याच्या बाजारांत आई मडकें घेतांना टिचकी मारी, आणि तडा गेलेलें मडकें मुकाट्यानें बाजूला ठेवी. तोच हा आवाज. दूधवाल्या मामांनीं पहिल्याच दिवशीं जें सहज केलें होतें, तें मी शिकलासवरलेला माणूस चार महिन्यांनीं करीत होतों.

त्या रात्रीं मीं मुलाला फोन केला आणि सारें कबूल केलें. तो रागावेल अशी माझी समजूत होती. तो कांहीं बोलेचना. मग म्हणाला, ‘बाबा, मलाहि तुम्हांला सांगायचें होतें.’

ती सायकल त्यानें माझ्यासाठीं घेतलीच नव्हती. दोन वर्षांपूर्वीं चांगल्या दिवसांत त्यानें ती स्वतःसाठीं घेतली होती. ऑगस्टांत त्याची नोकरी गेली. मोठी जागा सोडून तो एका मित्राच्या खोलींत राहायला गेला. तेथें सायकलीला जागा नव्हती, आणि विकायला हात होईना. इतक्यांत माझ्या डॉक्टरांचें निमित्त मिळालें. म्हणजे मी गांवभर मिरवीत होतों, ती माझ्या मुलाची आवराआवर होती. या पांच महिन्यांत दर रविवारीं आमचें फोनवर बोलणें होत असे. ‘कसा आहेस?’ ‘बरा आहें, बाबा.’ ‘काम कसें?’ ‘चाललें आहे.’ आवाजांत कोठें ओरखडासुद्धां नाहीं. झिजलेलीं पॅडलें मीं पाहिलीं होतीं. पण तीं कोणाच्या पायांनीं झिजलीं, हें विचारावें असें मला वाटलें नाहीं.

फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोंप आली नाहीं. दोष कोणाचा, असें मनाशीं म्हणत होतों. ज्यांनीं त्याला कामावरून कमी केलें त्यांची मला माहिती नाहीं, आणि असलीं कंपन्यांचीं गणितें माझ्या आटोक्यांतलींहि नाहींत. पण त्याचे थर मींच बसविले होते. पांचवीपासून त्याला मीं शिकवणीसाठीं परगांवीं ठेवलें. विटीदांडू नको, लग्नकार्यें नकोत, शेताकडे जाणें नको. सारें बळ एका दिशेला, परीक्षेच्या दिशेला. त्या दिशेनें कितीहि ओढलें तरी तो तुटला नाहीं, आणि त्याचा मला कोण अभिमान! आडवा घाव मीं हिशेबांतच धरला नव्हता. हरावें कसें, हरलों तर घरीं येऊन सांगावें कसें, या धड्यासाठीं त्याच्या वाढींत मीं एकहि थर दिला नाहीं. उलट वडिलांसमोर मान खालीं घालायची नसते, हें त्याला मी न शिकवतां शिकवीत आलों होतों. माझ्या वडिलांचा वांकलेला चिमटा साऱ्या गांवानें पाहिला, लोहारानें ठोकला, आणि वडील त्याच सायकलीवर आणखी कित्येक वर्षें शाळेंत गेले. त्या वांकण्याची त्यांना लाज वाटल्याचें मला आठवत नाहीं.

तरी मी कार्बनला दोष देणार नाहीं. स्नेह्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती मला त्या रात्रीं धीर देऊन गेली: हा सांगाडा दुरुस्त होतो. मुलगा चार दिवसांनीं घरीं आला, आणि आम्ही दोघे सायकल घेऊन पुण्याला, असें काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलों. त्यानें सुटलेले थर घांसून काढले, उतरत्या कडा केल्या, नवे तुकडे जुन्यांच्या दिशा सांभाळून एकावर एक बसविले आणि ऊब देऊन पक्के केले. रंग देऊं का, म्हणून त्यानें विचारलें. मुलगा म्हणाला, ‘नको, राहूं द्या.’ त्या जागीं आतां तळहाताएवढा भुरकट पट्टा आहे. वजन किती वाढलें हें मीं विचारलें. एका पेढ्याएवढें, असें तो कारागीर म्हणाला.

मुलाला नोकरी अजून लागलेली नाहीं. पण तो आठ-पंधरा दिवसांनीं घरीं येतो, आणि आला कीं त्याच सायकलीवर पहाटे परळीच्या रस्त्यानें जाऊन येतो. मी वडिलांच्या वयाला साजेल असा पायीं निघतों. तो पुण्याला असतो तेव्हां रविवारीं सकाळीं मी रुपयाचें नाणें घेऊन सायकलीच्या साऱ्या नळ्या वाजवून पाहतों, आणि मग त्याला फोन करतों. ‘बरा आहें, बाबा,’ हें उत्तर आतांहि येतें. परंतु तें मी पहिल्या खेपेला घेत नाहीं. मडकें घेतांना कोणी एकाच जागीं टिचकी मारून उठत नाहीं.